पंडित म्हाइंभटांचे स्मरणसाधन

नागपुराहून रामटेकास जाणारा वासनिक बहुधा सकाळी निघतो आणि दुपारपर्यंत घरी परततो. अंतर सुमारे ५० किलोमीटरांचे. भोगरामाच्या स्थानास दंडवत घालावा, विडा अर्पण करावा, गडाच्या पायऱ्या उतराव्यात आणि परतीची वाट धरावी, असा हा क्रम झाला आहे. तो करणाऱ्यांच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्या स्थानी सर्वज्ञांचे अवस्थान होते एवढे आठवून मन थांबते. ते कोठे बसले असतील, कोठे विहरण करीत असतील, जवळ कोण असेल, याकडे मन वळत नाही, कारण तेवढा अवकाशच त्यास दिलेला नसतो. रामटेकाचे नाव तर आपल्या स्मरणाच्या अगदी आरंभी येते. भडोचच्या प्रधानपुत्राने घर सोडले ते रामयात्रेच्या निमित्ताने, आणि त्या वाटेवर ऋद्धिपुरी श्रीप्रभूंची भेट होऊन पुढचे सर्व अवतारकार्य घडले. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण कोणी एकाने ते विचारून, ऐकून, लिहून ठेवले. त्या पुरुषाच्या चरित्राचा विचार येथे मांडावयाचा आहे. त्याच्या ग्रंथाची पूजा आपण नित्य करतो, पण तो लिहिताना त्याने जे साधन आचरिले त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

म्हाइंभट हे सराळे गावचे. घरी संपन्नता होती आणि विद्येचा अधिकारही मोठा होता. गणपती आपयो यांच्यासारख्या विद्वानापाशी त्यांनी शास्त्राध्ययन केले. त्या काळचा पंडित म्हणजे वादसभेचा पुरुष. प्रतिपक्षाचे वाक्य पुरे होण्याआधी त्याचे खंडन तयार असावे, उत्तर विजेसारखे यावे, ह्यातच प्रतिष्ठा. म्हाइंभटांची ही प्रतिष्ठा इतकी वाढली होती की, इतर विद्वान आपणापुढे तृणवत् आहेत हे दाखविण्यासाठी ते पायी गवताचे तोडर बांधीत आणि दिवसाउजेडी दिवट्या लावून चालत, असे आपली परंपरा सांगते. आज आपल्याला याचे हसू येते. पण अहंकाराचे खरे लक्षण तोडरात किंवा दिवटीत नाही. समोर जे आहे ते पाहण्याची गरजच वाटू नये, कारण ते काय असणार हे आपण आधीच ठरविले आहे, हे त्याचे लक्षण आहे. ह्या अर्थाने दिवट्या लावून चालणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांत प्रस्तुत लेखकाचीही गणना व्हावी.

गोदातीरी डोंबेग्रामी सर्वज्ञांचे वास्तव्य असताना म्हाइंभट तेथे गेले ते वाद करण्याच्या ईर्षेने. तेथे जे घडले ते सर्व उपदेशी जाणतातच. पंडित निरुत्तर झाले, आणि शास्त्र जाणणे व ईश्वर जाणणे ह्यांतील अंतर त्यांस कळून आले. मात्र लगेच सर्व टाकून ते स्वामींच्या परिवारात राहिले असे घडले नाही. बोध झाला, आदर उपजला, पण पाऊल पुन्हा घराकडे वळले. अनुसरण पुष्कळ पुढचे.

या गोष्टीचा विचार आपल्याकडे फारसा केला जात नाही. म्हाइंभटांना परमेश्वराचे साक्षात् सन्निधान लाभले होते. ज्या श्रीमूर्तीच्या स्मरणासाठी आपण जन्म वेचतो ती त्यांच्यापुढे बसलेली होती, बोलत होती. आणि त्या भेटीतील पहिला वेळ त्यांनी कशात घालविला, तर प्रश्नास प्रतिप्रश्न योजण्यात. इ.स. १२७४ च्या सुमारास स्वामी उत्तरापंथे गेले, तेव्हा ज्यांनी वर्षानुवर्षे चरणांपाशी वास केला होता त्यांच्यापाशी आठवणींचा ठेवा राहिला. म्हाइंभटांच्या पदरी तुलनेने फार थोडे होते. पुढे त्यांनी जे अचाट कष्ट केले त्यांच्या मुळाशी ही रुखरुख असावी, असे मला वाटते. ग्रंथात हे कोठे लिहिलेले नाही. माझे हे अनुमानच आहे. परंतु ज्याने स्वतः पोटभर पाहिले तो पुरुष इतरांना इतक्या बारकाईने विचारीत फिरत नाही. ज्याचे पाहावयाचे राहून गेले तोच, त्यावेळी उजवा हात कोठे होता, हे विचारतो.

येथे थोडे विषयांतर करणे अवश्य आहे. नित्याच्या जीवनात देव पाहावा, कणाकणात देव भरला आहे, अशी भाषा अलीकडे चोहीकडे ऐकू येते, आणि आपले वासनिकही ती सहज बोलून जातात. आपल्या शास्त्रास हे मान्य नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत. घागरीत परमेश्वर आहे असे आपण म्हणत नाही. आपण जे म्हणतो ते याहून अधिक आश्चर्याचे आहे. परमेश्वराने कृपेने मायापूर धारण केले आणि त्या घागरीतील पाणी प्राशन केले, हाती घेऊन गुळळा केला, अमुक वृक्षाखाली बसून अमुक भक्ताने आणलेला उपहार आरोगिला. प्रपंच हा प्रपंचच आहे, पण त्यास त्या कृपेचा संबंध घडला. म्हणून असन्निधानी जीवास स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही साधने सांगितली आहेत. आपल्या दिवसातील साध्या क्रियांमध्ये परमेश्वराची आठवण यावी, यास आधार आहे तो त्यांनीही त्या क्रिया स्वीकारल्या हाच. आणि त्या कशा स्वीकारल्या हे तपशिलाने ठाऊक नसेल, तर आठवण कशाची करणार? म्हाइंभटांच्या कार्याचे शास्त्रीय महत्त्व येथे आहे.

पुढे म्हाइंभट ऋद्धिपुरास आले. घरचे वैभव मागे राहिले. श्रीप्रभूंचे सन्निधान तेथे होते, आणि आद्याचार्य नागदेवाचार्य, म्हणजे आपले भटोबास, महदाइसा आणि इतर भक्तजन श्रीप्रभूंच्या सेवेत होते. ह्यावेळी म्हाइंभटांनी चूक केली नाही. श्रीप्रभूंचे चरित्रही त्यांच्याच हातून लिहिले गेले, आणि त्यात ऋद्धिपुरच्या गल्ल्या, विहिरी, देवळे, तेथील बायामुले आणि दुकानदार असे काही सजीव उभे आहेत की, गावच डोळ्यांपुढे यावे. श्रीप्रभूंची क्रीडा तरी कशी होती? मुलांत खेळावे, कोणाच्याही घरात शिरून मागून खावे, मातंगांच्या पाण्याची अडचण ऐकून त्यांस विहिरीची जागा दाखवावी. शास्त्रार्थ करावा असे तेथे काहीच नव्हते. केवळ पाहण्यासारखे होते. ज्याची सर्व हयात शब्दांच्या खंडनमंडनात गेली त्यास ह्या शाळेत बसावे लागले.

तेराव्या शतकाच्या नवव्या दशकात श्रीप्रभूंचेही असन्निधान झाले. भक्तपरिवारावर दुःखाचा दुसरा आघात होता. भटोबास वाजेश्वरीच्या एकांती बसत. बाहेरून पाहणाऱ्यास एवढेच दिसे की, आचार्य निश्चल बसले आहेत. म्हाइंभटांनी त्यांस विचारिले की आपण येथे काय करीत असता, आणि त्यांस कळले की आचार्य स्वामींच्या लीळा एकामागून एक आठवीत आहेत. त्यातूनच त्या सर्व लीळा लिहून ठेवण्याचा विचार पुढे आला. भटोबास सांगत आणि म्हाइंभट लिहीत, असे कित्येक महिने चालले.

या प्रसंगावर क्षणभर थांबावे. लीळाचरित्राचा उगम एका माणसाच्या स्वस्थ बसण्यात आहे, आणि दुसऱ्या माणसाने त्या स्वस्थतेची दखल घेण्यात आहे. भटोबासांचा तो विरह होता. त्यांनी ते ग्रंथासाठी केले नव्हते. एकटेपणी बसून, घाई न करता, एका गावचे दुसऱ्या गावात न मिसळता, सारे सन्निधान पुन्हा मनात चालवावयाचे असा त्यांचा नित्यक्रम होता. ह्यावरून स्मरण म्हणजे आपल्या आचार्यांना काय अभिप्रेत होते ते दिसते. नामाची गणना पुरी करणे हे त्याचे एक अंग आहे. लीळा, चेष्टा आणि मूर्ती ह्यांचे स्मरण गणनेने होत नाही. त्यास मनात तेवढा काळ द्यावाच लागतो जेवढा ती लीळा घडण्यास लागला असेल.

भटोबासांनी स्वतः न पाहिलेल्या लीळा पुष्कळ होत्या. त्यांच्या भेटीपूर्वीचा एकांकाचा काळ होता, आणि ते जवळ नसताना घडलेले प्रसंगही होते. त्यांसाठी म्हाइंभट गावोगावी हिंडले. ज्यास सन्निधान घडले होते त्याच्याकडे जावे, तो ज्या कामात असेल ते संपेपर्यंत थांबावे, आणि मग त्यास आठवेल तेवढे ऐकावे. यांत विद्वान होते, पण त्याहून अधिक अशी माणसे होती जी वादसभेच्या पायरीवरही उभी राहिली नसती: शेतकरी, गृहिणी, वृद्ध स्त्रिया. वृद्ध माणूस आठवण सांगतो तेव्हा सरळ सांगत नाही. आधी कोणाच्या घरी लग्न होते ते सांगतो, मग पाऊस किती झाला होता ते सांगतो, मग पुन्हा मागे जातो. अशा निवेदनात जो मध्ये बोलतो त्याच्या हाती काही लागत नाही. सराळ्याच्या पंडिताने मध्ये बोलणे सोडले होते असे आपल्याला त्याच्या ग्रंथावरूनच समजते, कारण त्या लोकांची बोलण्याची ढब त्यात जशीच्या तशी उतरली आहे.

ग्रंथाची रचना सर्वांस परिचित आहे. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे तीन भाग, आणि त्यांत लहानमोठ्या शेकडो लीळा. नवा वाचक एका गोष्टीने बुचकळ्यात पडतो. तत्त्वनिरूपणाच्या शेजारीच, कधी त्याच्या आधी व कधी त्याच्या नंतर, दिवसाचा क्रम येतो. बिढार कोठे होते, पूजावसर केव्हा झाला, आरोगणा झाली, गुळळा झाला, विडा झाला, पहुड झाला, उपहुड झाला, मग विहरणास बिजे केले. हे पुन:पुन्हा येते. घाईने वाचणारा ह्या ओळी ओलांडून जातो व निरूपण तेवढे घेतो. तसे निरूपण वेगळे घ्यावयाचे तर केशोबासांचा सूत्रपाठ आहे, दृष्टान्तपाठ आहे. ते ह्याच ग्रंथातून निवडलेले आणि आपणास प्रमाण आहेत. मग म्हाइंभटांसारख्या शब्दशास्त्रज्ञाने हा दैनंदिन क्रम का गाळला नाही? त्यांस निष्फळ पुनरुक्ती म्हणजे काय हे आपल्यापेक्षा कमी कळत होते काय?

माझ्या मते त्यांनी तो जाणूनबुजून राखला, कारण तो क्रमच साधनवंताच्या उपयोगाचा आहे. ब्रह्मविद्येचे सूत्र प्रत्येकास प्रत्येक क्षणी आठवेल असे नाही. पण पाणी प्रत्येकजण पितो, जेवतो, झोपतो, उठतो. चूळ भरताना गुळळा आठवला, अंथरुणावर पडताना पहुड आठवला, संध्याकाळी दोन पावले चालताना विहरण आठवले, तर दिवसात स्मरणास वाव नाही असा एकही प्रहर उरत नाही. फक्त त्या त्या क्रियेपाशी क्षणमात्र मंद व्हावे लागते. म्हाइंभटांनी ज्यास वाचक वर्णन समजतो त्या ठिकाणी खरे तर साधन ठेवले आहे.

सशाची लीळा घ्या. पारध्यांनी व कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा धावत येऊन स्वामींच्या आश्रयास शिरला. सांगणारा उतावीळ असता तर त्याने येथूनच अहिंसेच्या उपदेशाकडे उडी घेतली असती. ग्रंथात मात्र ससा कोठे शिरला ते सांगितले आहे, आणि ते ठिकाण म्हणजे जानूतळ. उपदेश झाला, पारधी परतले, आणि मग सशास जाऊ दिले. जानूतळीची ती जागा ज्याने मनात पाहिली त्यास शरण जाणे ह्या शब्दाचा अर्थ पुन्हा सांगावा लागत नाही. आणि तो तपशील कोणी तरी पाहिला होता, दुसऱ्याने विचारला होता, म्हणून तो आपल्यापर्यंत आला.

आठवणींत फरक पडे तेव्हा काय करावे, हा प्रश्न त्या काळीही होता. एकजण म्हणे ही गोष्ट अमक्या गावी झाली, दुसरा म्हणे तमक्या. लीळाचरित्राच्या पाठपरंपरेत असे भिन्न स्मरण पुसून टाकलेले नाही. वासना ह्या संज्ञेने ते शेजारी नोंदविलेले आहे. पंडिताची जुनी सवय असती तर एक पक्ष उचलून दुसऱ्याचे खंडन झाले असते. येथे दोघांच्याही पाहण्याचा मान राखला गेला.

भाषेविषयी एवढेच सांगणे पुरे की, म्हाइंभटांना संस्कृतात लिहिणे अवघड नव्हते. भटोबासांचा आग्रह मराठीचा होता. केशोबासांस त्यांनी संस्कृत रचनेपासून परावृत्त केले ते परिवारातील म्हाताऱ्या स्त्रिया वंचित होऊ नयेत म्हणून, हे स्मृतिस्थळातून प्रसिद्धच आहे. ज्यांच्याकडून आठवणी घेतल्या त्यांस त्या वाचून दाखविता आल्या पाहिजेत, हा त्यातला न्याय.

पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. चौदाव्या शतकाच्या आरंभीचा तो काळ. पण ग्रंथ गेला नाही, कारण तो अनेकांनी ऐकून कंठी धरिला होता. हिराइसेचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ अशी नावे आजही पोथ्यांवर दिसतात. हिराइसेने लीळा किती अवधानाने ऐकल्या असतील याची कल्पना करावी, म्हणजे श्रवण शब्दाचा अर्थ कळेल. मुनिव्यासांनी तर स्थानपोथीत गावोगावची स्थाने पायी फिरून नोंदविली. देऊळ कोणत्या मुखाचे, आसन कोणत्या बाजूस, एवढ्यापर्यंत ती नोंद जाते. म्हाइंभटांनी काळ जपला, मुनिव्यासांनी जागा जपली.

शतकानुशतके हे सारे सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत राहिले. त्याचा हेतू शास्त्राचे रक्षण हा होता. परंतु त्याचा एक आनुषंगिक परिणाम असा की, पोथी भराभर वाचताच येत नसे. एकेक अक्षर उलगडून पुढे जावे लागे. मग मुद्रणाचा काळ आला, आणि नागपूरकरांस अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे लीळाचरित्र छापून लोकांपुढे ठेवण्याचे काम ह. ना. नेने यांनी १९३६-३७ पासून येथूनच केले. पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी मठोमठीच्या पोथ्या मिळवून आपले संपादन १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. त्या आवृत्तीवरून पंथात जे मतभेद झाले ते येथे काढण्याचे प्रयोजन नाही. मुद्रणामुळे ग्रंथ घराघरात गेला हा लाभच आहे. पण सात दिवसांत पारायण उरकण्याची सोयही त्यामुळेच झाली, आणि ती सोय आपण जरा अधिकच उचलली आहे. एका प्रहरात पन्नास लीळा वाचणारा वाचक वाजेश्वरीच्या बैठकीपासून किती दूर आला आहे, हे ज्याने त्याने पाहावे. प्रस्तुत लेखकाने मागील चातुर्मासात एक दिवस एक लीळा असा नेम धरून पाहिला. पहिले आठ दिवस चुळबूळ झाली. नंतर पोथी मिटल्यावरही लीळा चालू राहू लागली, आणि एकदा तर जेवताना घास हातात तसाच राहिला.

रामटेकाच्या स्थानी जाणाऱ्यांनी पायऱ्या उतरण्यापूर्वी घटकाभर बसावे, भोगरामाच्या अवस्थानाविषयी पोथीत जे आहे ते एकाने सावकाश वाचावे व इतरांनी ऐकावे, एवढी सूचना महंतमंडळींपुढे ठेवण्यास हरकत नसावी. गर्दीच्या दिवशी हे जमणार नाही. इतर दिवशी जमेल.

म्हाइंभटांविषयी आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. ज्या पुरुषाने दुसऱ्यांच्या आठवणी इतक्या निष्ठेने टिपल्या, त्याने स्वतःविषयी लिहिताना काय ठेवावे हे त्याच्याच हाती होते. डोंबेग्रामीची भेट थोडी सौम्य करता आली असती, आपण प्रथमपासूनच भाविक होतो असे सूचित करता आले असते. विचारणारे कोणी नव्हते. तसे झाले नाही. विद्येचा ताठा, वादाची ईर्षा आणि शेवटी निरुत्तर झालेला पंडित, हे सर्व ग्रंथात आहे. पुढे पोथी गेली, पाठ नव्याने जुळविले गेले, तरी ती लीळा कोणी गाळली नाही. आजही उत्तरार्ध वाचीत गेले म्हणजे तो त्या ठिकाणी भेटतो.